जखम मांडीला, रक्तस्राव जठरात

मोटारसायकलवरून पडून मांडीचे हाड मोडले, की बाहेर रक्ताचा थेंबही न दिसता मांडीच्या स्नायूंमध्ये एक ते दीड लिटर रक्त साचू शकते. अशा एखाद्या रुग्णाला रुग्णालयात आणले, रक्त चढवले, हाड बसवले. रक्तदाब पूर्ववत झाला, नातेवाइकांचा जीव भांड्यात पडला. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याला कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट उलटी झाली, शौचाला डांबरासारखी काळी झाली. पोटाला तर मार लागलेला नव्हता. पूर्वी अल्सरचा त्रासही नव्हता. मग हे रक्त आले कुठून?

१९६० च्या दशकात मोठ्या रुग्णालयांत अतिदक्षता विभाग सुरू झाले, तेव्हा डॉक्टरांपुढे हा प्रश्न वारंवार येऊ लागला. त्याआधी असे रुग्ण पहिल्या-दुसऱ्या दिवशीच दगावत, त्यामुळे तिसऱ्या दिवशी पोटात काय होते हे पाहायला कोणी उरत नसे. बोस्टनमधील शल्यविशारद स्किलमन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६९ साली अशा रुग्णांचे सविस्तर वर्णन केले. जठराच्या आतल्या अस्तरावर जागोजागी उथळ जखमा झालेल्या असत आणि त्यांतून रक्त झिरपत असे. या जखमांना 'ताणजन्य व्रण' म्हणतात. ताण म्हणजे इथे परीक्षेचा किंवा कर्जाचा ताण नव्हे. प्रचंड रक्तस्राव, मोठे भाजणे, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग अशा शरीरावर कोसळलेल्या संकटाला उद्देशून हा शब्द आहे. गंभीर भाजलेल्या रुग्णांच्या लहान आतड्याच्या सुरुवातीला व्रण होतात हे लंडनच्या कर्लिंग यांनी १८४२ सालीच नोंदवले होते. कारण मात्र पुढची सव्वाशे वर्षे नीट उलगडले नाही.

या लेखात आपण ते कारण समजून घेऊ. आम्ही ज्या भागाविषयी लिहीत आहोत तिथे या प्रश्नाला एक खास धार आहे. अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचा अहमदनगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. वायव्येला अकोले तालुक्यात कळसूबाईचे शिखर, तर आग्नेयेला जामखेड. रतनवाडीसारख्या डोंगरातल्या गावापासून जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरहून जास्त दूर आहे. नाशिक-पुणे रस्त्यावर चंदनापुरी घाटात अपघात झाला, किंवा अकोल्याच्या डोंगरातल्या पाड्यावर बाळंतपणात रक्तस्राव सुरू झाला, तर रक्त मिळेपर्यंत एक तास जातो, कधी तीन जातात. या तासांमध्ये जठरात काय घडते, त्यावर पुढचे बरेच काही ठरते.

आधी एक जुना प्रश्न घेऊ. तो वर्गात कोणी ना कोणी विचारतोच. जठर मटण पचवते, मग स्वतःला का पचवत नाही?

जठररसाचा सामू एक ते दोनच्या आसपास असतो. अस्तराच्या पेशींच्या अगदी लगत मोजला तर तो जवळजवळ सात भरतो. सामूचे माप दहाच्या पटींत चालते. म्हणजे दोन आणि सात यांतला फरक एक लाख पटींचा झाला. हा एवढा उतार अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ अशा थरात सामावलेला आहे. हा थर श्लेष्म्याचा, म्हणजे बुळबुळीत चिकट पदार्थाचा असतो. बकऱ्याची वजडी साफ करणाऱ्याच्या हाताला जी निसरडी चिकट लागते, ती हीच.

पण नुसता चिकट थर आम्ल फार वेळ अडवू शकत नाही. त्यात अस्तराच्या पेशी सतत बायकार्बोनेट सोडत असतात. वरून आम्ल आत शिरते, खालून अल्क येते आणि दोघांची गाठ थरातच पडते. हे बायकार्बोनेट येते कुठून, ही मोठी सुंदर गोष्ट आहे. जठरातल्या आम्ल तयार करणाऱ्या पेशी आम्लाचा एक कण जठरात सोडतात, तेव्हा बायकार्बोनेटचा एक कण मागच्या बाजूने रक्तात सोडतात. तिथल्या केशवाहिन्या अशा रचलेल्या आहेत, की हे रक्त ग्रंथींच्या तळाकडून वर पृष्ठभागाकडे वाहते आणि पृष्ठभागावरच्या पेशींना ते बायकार्बोनेट पोचवते. विष जिथे तयार होते, तिथेच त्याचा उतारा तयार होतो, आणि रक्त तो पोस्टमनसारखा घरोघर नेऊन देते.

रक्ताचे काम एवढ्यावर संपत नाही. थरातून निसटून पेशींपर्यंत पोचलेले आम्लही रक्तच वाहून नेते. शिवाय अस्तराच्या पेशी तीन ते पाच दिवसांत बदलल्या जातात. मध्येच एखादी पेशी मेली, तर शेजारच्या पेशी सरकत येऊन ती फट तासाभरात झाकून टाकतात. पेशीविभाजनाची वाट पाहावी लागत नाही. हे सगळे करायला ऊर्जा लागते, ऊर्जेला प्राणवायू लागतो, आणि प्राणवायू आणायलाही रक्तच लागते. अस्तराच्या संरक्षणाची फळी श्लेष्म्याची असली, तरी ती उभी आहे रक्तपुरवठ्यावर, हे इथे लक्षात ठेवू.

हे वर्गात दाखवता येईल. अर्धा पेला पाण्यात चमचाभर ईसबगोल आणि चिमूटभर हळद घालून घट्टसर खळ होऊ द्यावी. तिचे दोन काचेच्या पेल्यांत दोन भाग करावेत. एकात चुन्याची निवळी रंग जेमतेम लाल होईपर्यंतच घालावी, दुसऱ्यात चांगली चमचा-दोन चमचे जास्त. (चुना डोळ्यांत जाऊ देऊ नये. निवळी शिक्षकांनीच घालावी.) मग दोन्हींवर चमच्याच्या कडेने अलगद लिंबाचा रस सोडावा. वरून खाली पिवळा पट्टा उतरू लागतो. अल्क कमी असलेल्या पेल्यात तो भराभर तळाकडे जातो, दुसऱ्यात रेंगाळतो. खरे जठर आणि आपला पेला यांत फरक एवढाच, की पेल्यात निवळी एकदाच घातली, जठरात ती खालून अखंड येत असते.

आता ती येणे बंद झाले तर काय होईल ते पाहू.

माणसाच्या शरीरात दर किलो वजनामागे सुमारे ७० मिलिलिटर रक्त असते. ६० किलो वजनाच्या माणसात ४,२०० मिलिलिटर, म्हणजे सव्वाचार लिटरच्या आतबाहेर. रक्तदान करताना आपण साडेतीनशे मिलिलिटर देतो, ते झाले आठ टक्के. ते शरीराला जाणवतही नाही म्हटले तरी चालेल. १५ टक्के, म्हणजे सव्वासहाशे मिलिलिटर जाईपर्यंत बाहेरून फारसे काही दिसत नाही. पुढे नाडी जलद होते, हातपाय गार पडतात. साधारण ३० टक्के, म्हणजे सव्वा लिटरहून जास्त गेले, की रक्तदाब कोसळतो. ४० टक्क्यांच्या पुढे प्रत्येक मिनिट जिवावरचे असते.

सव्वा लिटर जाईपर्यंत रक्तदाब टिकतो कसा? मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रोहिण्यांच्या भिंतींत दाबाची नोंद घेणारी चेताटोके असतात. दाब जरा उतरला, की ती मेंदूला कळवतात आणि मेंदू भारनियमन सुरू करतो. भारनियमन म्हणजे काय हे नगर जिल्ह्यातल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. वीज कमी पडली की सगळीकडे थोडी थोडी कमी न करता काही भागांचे फीडरच बंद करतात, म्हणजे बाकीच्यांना पुरेशी मिळते. शरीरही तेच करते. हृदय आणि मेंदू यांचा पुरवठा चालू राहतो. त्वचा, स्नायू, मूत्रपिंडे आणि पचनसंस्था यांच्याकडे जाणाऱ्या वाहिन्या आवळल्या जातात. ॲड्रिनॅलिन आणि त्याच्या जोडीची संप्रेरके हे काम करतात. त्यांतली अँजिओटेन्सिन आणि व्हॅसोप्रेसिन ही दोन पचनसंस्थेच्या वाहिन्यांवर विशेष कडक असतात. विश्रांतीच्या वेळी हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ एक चतुर्थांश रक्त पचनसंस्थेकडे जाते. एवढा मोठा ग्राहक बंद केला तर बचतही मोठी होते. शिवाय आतडी आणि यकृत यांच्या नीलांमध्ये साठलेले रक्तही पिळून हृदयाकडे पाठवले जाते. जणू शरीर स्वतःच स्वतःला रक्त देते.

त्वचेतले भारनियमन आपल्याला डोळ्यांनी पाहता येते. बोटाचे नख पाच सेकंद दाबून धरा आणि सोडा. पांढरे पडलेले नख निरोगी माणसात दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. खूप रक्त गेलेल्या माणसाचे नख पांढरेच राहते. (थंडीच्या सकाळी वर्गात हा प्रयोग केलात तर निरोगी मुलांचीही नखे उशिरा रंगतील. तेही त्वचेतले भारनियमनच, फक्त कारण वेगळे.) जठराच्या आतले असे सहज दिसत नाही, पण ते पाहिल्याची एक प्रसिद्ध हकिगत आहे. न्यूयॉर्कमधील एका माणसाची अन्ननलिका लहानपणी उकळते कालवण गिळल्याने बंद झाली होती. पोटाला ठेवलेल्या छिद्रातून तो अन्न घेई. १९४० च्या सुमारास स्ट्युअर्ट वुल्फ आणि हॅरल्ड वुल्फ या डॉक्टरांनी त्या छिद्रातून त्याच्या जठराचे अस्तर महिनोन् महिने पाहिले. तो संतापला की अस्तर लालबुंद होई, भेदरला की पांढरे पडे. नुसत्या भीतीने ही अवस्था, तर लिटरभर रक्त गेल्यावर काय होत असेल याची कल्पना करावी.

यात एक फसवी गोष्ट दडलेली आहे. भारनियमन उत्तम चालले आहे म्हणूनच रक्तदाब बरा दिसतो. म्हणजे दंडावरच्या पट्ट्यात आकडा ठीक आणि त्याच वेळी जठर उपाशी, असे होऊ शकते. जठराचे रक्त सर्वांत आधी तुटते आणि परतते सर्वांत शेवटी. याचा उपयोग करून घेण्याचा प्रयत्न १९८० च्या दशकात झाला. एक छोटा फुगा नळीने जठरात सोडून अस्तराजवळ साचणारा कार्बन डायऑक्साइड मोजायचा आणि त्यावरून रक्तपुरवठा ओळखायचा. खाणीत पूर्वी विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून पिंजऱ्यातला पक्षी नेत, तशी ही जठराची साक्ष. कल्पना देखणी होती, पण वापरायला किचकट असल्यामुळे ती पद्धत मागे पडली.

रक्त तुटल्यावर अस्तराच्या पेशींचे पहिले काम बंद पडते ते बायकार्बोनेट सोडण्याचे. आम्ल तयार करणाऱ्या पेशीही उपाशीच असतात, त्यामुळे नवे आम्लही कमीच तयार होते. पण जठरात आधीपासून असलेले आम्ल कुठे जाणार? ते थरातून खाली झिरपत राहते, त्याला निष्प्रभ करायला अल्क नाही आणि धुऊन न्यायला रक्त नाही. भर म्हणून, सगळ्या शरीरातच प्राणवायू कमी पडल्याने रक्तही आम्लतेकडे झुकलेले असते. प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले आहे, की जठरात आम्ल नसेल तर रक्तस्रावाने अस्तराला होणारी इजा बरीच कमी असते. आणि रक्तपुरवठा चांगला असेल तर तेवढेच आम्ल काही बिघडवत नाही. दोन्ही एकत्र आली की अस्तर जळते.

इथपर्यंतची गोष्ट तर्काला धरून आहे. पुढची गोष्ट मात्र अनेक संशोधकांनाही चकवून गेली.

लॉस एंजलिसमध्ये काम करणाऱ्या इतोह आणि गुथ यांनी १९८५ साली उंदरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांच्या जठरात आम्ल ठेवून त्यांचे रक्त काढले, रक्तदाब काही वेळ अगदी खाली ठेवला आणि मग तेच रक्त त्यांना परत दिले. अस्तराला मोठी इजा झाली ती रक्त परत दिल्यानंतर! जे रक्त नसल्यामुळे पेशी मरत होत्या, ते मिळाल्यावर त्या अधिक मराव्यात, हे उलटेच झाले.

याचा उलगडा पेशींच्या रसायनशास्त्रात आहे. प्राणवायू नसताना पेशी आपल्या ऊर्जेचे चलन, म्हणजे एटीपी, खर्च करून टाकते आणि त्याचे तुकडे होत होत हायपोझँथिन नावाचा पदार्थ साचतो. त्याच वेळी पेशीतले एक नेहमीचे विकर आपले रूप बदलून झँथिन ऑक्सिडेज होते. या नव्या रूपाला हायपोझँथिन मोडण्यासाठी प्राणवायू लागतो. तो तर नसतो. म्हणजे सरपण रचून तयार आहे, काडीपेटी आहे, फक्त हवा नाही. रक्त परतले की हवा मिळते आणि एकदम भडका उडतो. हायपोझँथिनचे युरिक आम्ल होताना प्राणवायूपासून सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात. लोहाच्या सान्निध्यात त्यांच्यापासून आणखी जहाल मुक्त मूलके तयार होऊन पेशींची आवरणे फाडतात. मागोमाग पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात आणि त्याही तशीच मूलके सोडतात.

इतोह आणि गुथ यांनी काही उंदरांना आधी ॲलोप्युरिनॉल दिले होते. गाउट म्हणजे युरिक आम्लामुळे होणाऱ्या सांधेदुखीवरचे हे जुने औषध झँथिन ऑक्सिडेजला रोखते. त्या उंदरांच्या जठरांना इजा पुष्कळच कमी झाली. सुपरऑक्साइड मोडणारे विकर दिल्यानेही फरक पडला. तशी विकरे आपल्या पेशींतही असतात, पण एवढ्या लोंढ्याला ती पुरत नाहीत. त्यांतले एक बटाट्यात पाहता येते. कच्च्या बटाट्याच्या चकतीवर औषधाच्या दुकानातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाका, ती फसफसते. कॅटॅलेज हे विकर पेरॉक्साइडचे पाणी आणि प्राणवायू करते. उकडलेल्या चकतीवर फेस येत नाही.

आम्ही प्रयोगशाळेत काम करणारे लोक उंदरांच्या निष्कर्षांवर जरा लवकर भाळतो. माणसात अपघात सांगून येत नाही, त्यामुळे औषध 'आधी' देता येत नाही. झँथिन ऑक्सिडेजचे प्रमाणही निरनिराळ्या प्राण्यांत आणि अवयवांत वेगवेगळे असते. रक्तस्रावाच्या रुग्णांना ॲलोप्युरिनॉल देण्याची पद्धत काही रूढ झाली नाही. आणि रक्त परतताना इजा होते म्हणून रक्त देऊच नये, असा अर्थ तर कोणी मुळीच काढू नये. रक्ताविना पेशी मरणारच आहे. प्रयोगातून निघणारा खरा अर्थ वेगळा आहे. उपासमार जितकी लांबते तितके सरपण जास्त रचले जाते. वीस मिनिटांनी रक्त परतणे आणि तीन तासांनी परतणे यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जठराच्या बाजूने लढणारा एक गडी अजून सांगायचा राहिला. प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ अस्तरात तयार होतात. ते श्लेष्मा आणि बायकार्बोनेट वाढवतात आणि तिथल्या वाहिन्या सैल ठेवतात, म्हणजे भारनियमनातही थोडी वीज चोरून आणतात म्हणा ना. अमेरिकेत आंद्रे रॉबर्ट यांनी १९७९ साली दाखवले, की आधी प्रोस्टाग्लँडिन दिलेल्या उंदरांच्या जठरात निव्वळ अल्कोहोल किंवा उकळते पाणी घातले तरी अस्तर पुष्कळसे वाचते. तेही आम्ल कमी करायला अपुऱ्या अशा अल्प मात्रेत. आणि जॉन व्हेन यांनी १९७१ सालीच शोधून काढले होते, की ॲस्पिरिनसारखी वेदनाशामके नेमकी या प्रोस्टाग्लँडिनचीच निर्मिती थांबवतात. या कामात त्यांना १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांची गोष्ट तीच. ॲस्पिरिन तर रक्त गोठवणाऱ्या बिंबिकांनाही निकामी करते. अपघातात सापडलेल्या माणसाला कळवळून कोणी खिशातली दुखण्याची गोळी देतो, तेव्हा तो जठराचा शेवटचा रखवालदारच काढून घेत असतो.

मग डॉक्टरांनी जठर वाचवायला काय केले? पहिला उपाय साधा होता. नाकातून नळी घालून जठरातले आम्ल तासातासाला मोजायचे आणि आम्लनाशक ओतत राहायचे. स्किलमन यांच्याच गटाने १९७८ साली शंभर अत्यवस्थ रुग्णांवर हे करून पाहिले. आम्लनाशक मिळालेल्या ५१ जणांपैकी दोघांना जठरातून रक्तस्राव झाला, न मिळालेल्या ४९ पैकी बारा जणांना. पुढे आम्लाची निर्मितीच कमी करणारी औषधे आली. आधी सिमेटिडिन व रॅनिटिडिन, मग ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल. जगभर अतिदक्षता विभागात आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला ती मिळू लागली.

पण दरम्यान एक मौजेची गोष्ट घडत होती. १९९४ साली कॅनडातील डेबोरा कुक आणि सहकाऱ्यांनी २,२५२ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. जठरातून गंभीर रक्तस्राव फक्त ३३ जणांना, म्हणजे दीड टक्क्यांना झाला होता. मुख्य धोका दोघांना होता. दोन दिवसांहून अधिक काळ श्वासयंत्रावर असलेल्यांना आणि ज्यांचे रक्त नीट गोठत नाही त्यांना. एकेकाळची ही मोठी आपत्ती मधल्या काळात बरीच आटोक्यात आली होती. आमच्या मते त्याचे मोठे श्रेय गोळ्यांच्या बाहेरचे आहे. रक्त आणि द्रव लवकर मिळू लागले, प्राणवायू नीट दिला जाऊ लागला, आणि नळीने का होईना पण रुग्णाच्या पोटात अन्न लवकर जाऊ लागले. अन्न आम्ल शोषते आणि जठराकडे रक्तही खेचून आणते.

औषधांचा नेमका हिशेब अलीकडे लागला. २०१८ साली युरोपातील सुमारे ३,३०० रुग्णांत पँटोप्रॅझोल आणि नकली औषध यांची तुलना झाली. गंभीर रक्तस्राव ४.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आला, मृत्यूंच्या प्रमाणात फरक नव्हता. २०२४ साली श्वासयंत्रावरील ४,८२१ रुग्णांच्या चाचणीत रक्तस्राव ३.५ टक्क्यांवरून १ टक्क्यावर उतरला. मृत्यूंचे प्रमाण पुन्हा जवळपास तेच. म्हणजे औषध जठराचे रक्षण खरोखर करते आणि योग्य रुग्णाला ते द्यायलाच हवे. पण माणूस जगेल की नाही, हे मूळ दुखणे आणि ते हाताळायला लागलेला वेळ यांवरच मुख्यतः ठरते.

आणि तो वेळ अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर, रस्त्यावर जातो. त्या वेळात काय करता येते? वाहते रक्त स्वच्छ कापडाने, तळहाताच्या जोराने दाबून धरणे आणि मिनिटामिनिटाला उचलून न पाहणे. माणसाला आडवे ठेवणे, पांघरूण घालणे. २०१४ पासून महाराष्ट्रात असलेली १०८ ची रुग्णवाहिका बोलावणे. तोंडाने काही न देणे. चहा नाही, पाणी नाही, पोट बिघडू नये म्हणून दूध किंवा खायचा सोडाही नाही, कारण शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते. रुग्णालयात पोचल्यावर ट्रॅनेक्झॅमिक आम्ल नावाचे स्वस्त इंजेक्शन गोठलेले रक्त टिकवायला मदत करते. अपघाताच्या वीस हजारांवर रुग्णांत २०१० साली आणि बाळंतपणानंतर रक्तस्राव होणाऱ्या वीस हजारांवर स्त्रियांत २०१७ साली झालेल्या चाचण्यांनी ते सिद्ध केले. दोन्हींत एक गोष्ट समान निघाली. त्याचा फायदा पहिल्या तीन तासांत दिल्यासच होतो.

रक्तस्राव होण्याआधीही थोडे काही करता येते. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहते. हिमोग्लोबिन १२ असलेल्या स्त्रीच्या १०० मिलिलिटर रक्तात १६ मिलिलिटर प्राणवायू मावतो, ७ असलेलीच्या रक्तात साडेनऊच्याही आत. बाळंतपणात दोघींचे सारखेच रक्त गेले, तरी दुसरीचे जठर, मूत्रपिंडे, सगळेच अवयव आधीपासून अर्धपोटी आहेत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून गावोगावच्या, बहुतेक निरक्षर स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्या गरोदर बाईची तपासणी तिच्या घरी जाऊन करत, म्हणजे धोका दिसला तर रक्तस्राव सुरू होण्याआधीच ती रुग्णालयाच्या वाटेला लागे. दूर अंतराच्या जिल्ह्यात घड्याळाचे काटे मागे नेण्याचा हा एक मार्ग होता.

शाळांमध्ये आठवड्याला दिली जाणारी लोहाची निळी गोळी हा त्याच हिशेबाचा भाग आहे, आणि ती बहुतेक ठिकाणी शिक्षकांच्याच हातून दिली जाते. त्या गोळीने शौचाला काळी होते म्हणून मुली ती टाकून देतात, पालकही घाबरतात. त्यांना दोन्हींतला फरक सांगता येईल. लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळपट हिरवा होतो, पण घट्टपणा आणि वास नेहमीसारखाच राहतो. जठरातून रक्त गेले असेल तर ती डांबरासारखी चकचकीत, चिकट असते आणि तिला उग्र दुर्गंधी येते. अशी शौचाला झाली, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, तर त्याच दिवशी, थेट रक्त मिळू शकेल अशा रुग्णालयातच जावे.